जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे सुटे भाग : शोध, पारख आणि घडण

साधारण १५ ते २५ अश्वशक्तीचा, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर द्राक्षाच्या दोन ओळींमधून सहज जातो, डाळिंबाच्या बागेत फांद्या न मोडता वळतो आणि फवारणीपासून रोटाव्हेटरपर्यंतची बहुतेक कामे उरकतो. नाशिक, सांगली, सोलापूर या बागायती पट्ट्यांत असे ट्रॅक्टर वर्षानुवर्षे राबत आहेत. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची मूळ घडण जपानी आहे. जपानमधली भातखाचरे लहान असल्यामुळे तिथल्या कारखान्यांनी हलके, आटोपशीर ट्रॅक्टर विकसित केले आणि पुढे तीच रचना इतर देशांत गेली. बंगळूरमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स या कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने बनवलेला १८.५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ‘शक्ती एमटी १८०डी’ हे महाराष्ट्रातल्या बागांत दिसणारे त्याचे ओळखीचे उदाहरण.

अशा ट्रॅक्टरचा इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्सचे कवच आणि मागचा धुरा ही जड ओतकामे नीट वापरली तर कित्येक दशके टिकतात. झिजतात ते त्यांच्या आतले लहान भाग : ऑईल सील, बेअरिंग, बुश, पिस्टन रिंगा, नोझल, एखादा गिअर. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे लोटली की वितरकाकडून ‘माल येत नाही’ असे उत्तर मिळू लागते आणि चालता ट्रॅक्टर एखाद्या छोट्या भागापायी शेडमध्ये अडकून पडतो. त्यातून मार्ग काढायचा तर आधी भागांची वर्गवारी करावी लागते. पहिल्या गटात जगभर ठरलेल्या मापांत मिळणारे प्रमाणित भाग येतात. दुसऱ्या गटातले भाग विशिष्ट इंजिनाचे किंवा पंपाचे असले तरी इतर यंत्रांतही वापरलेले असतात. तिसऱ्या गटातले भाग फक्त त्याच मॉडेलचे असतात. पहिल्या गटातला भाग मापावरून मिळतो, दुसऱ्यातला यंत्राच्या कुळावरून. तिसऱ्यातला भंगारातून मिळवावा लागतो किंवा बनवून घ्यावा लागतो. पहिला गट बराच मोठा असतो, पण कंपनीच्या पार्ट नंबराखाली तो झाकून जातो.

यंत्राची ओळख

शोध सुरू करण्यापूर्वी मॉडेल, चासी नंबर आणि इंजिन नंबर या तीन नोंदी लागतात. बॉनेटवरचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच मॉडेलमध्ये काही वर्षांनी पंप, क्लच किंवा स्टिअरिंग बदललेले असते आणि हा बदल कोणत्या नंबरापासून झाला ते सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये दिलेले असते. त्या कॅटलॉगमधली फोडून दाखवलेली चित्रे भागांचा क्रम, शिमांची संख्या आणि वॉशरची जागाही सांगतात. छापील प्रत मिळत नसेल तर जुन्या वितरकाकडे, जुन्या मिस्त्रीकडे किंवा तशाच ट्रॅक्टरच्या दुसऱ्या मालकाकडे विचारणा केलेली बरी.

ओतीव भागांवर उठावाने आलेला आकडा हा पार्ट नंबरच असेल असे नाही. बऱ्याचदा तो ओतकामाच्या साच्याचा नंबर असतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन कवचांना वेगवेगळी भोके पाडली की त्यांचे पार्ट नंबर वेगळे होतात, साच्याचा नंबर मात्र तोच राहतो. म्हणून या आकड्यावरून मागवलेला भाग बसेलच अशी खात्री धरता येत नाही.

मापावर मिळणारे भाग

बेअरिंग हा या गटातला सर्वांत सोपा भाग. त्याच्या कड्यावर कोरलेल्या क्रमांकातच माप असते. ६२०५ हे बॉल बेअरिंग कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याचे आतले भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ मिमी आणि जाडी १५ मिमी असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की भोकाचे माप निघते. हा नियम ०४ पासून पुढे चालतो, त्याखालच्या ००, ०१, ०२, ०३ या क्रमांकांची भोके अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिमी असतात. क्रमांकापुढची अक्षरेही वाचायला हवीत. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, ‘२आरएस’ म्हणजे रबरी सील, ‘सी३’ म्हणजे आतला गाळा नेहमीपेक्षा थोडा जास्त. सी३च्या जागी साधे बेअरिंग घातले तर गरम झाल्यावर ते आवळू शकते. अक्षरे पुसली गेली असतील तर व्हर्निअरने तीन मापे घेऊन दुकानात तक्ता पाहता येतो. मात्र गिअरबॉक्समध्ये काही जपानी उत्पादकांनी खास मापाची बेअरिंगे वापरली आहेत. त्यांचे क्रमांक नेहमीच्या पद्धतीत बसत नाहीत, त्यामुळे ती बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीच्या नावानिशीच शोधावी लागतात.

ऑईल सीलवर तीन आकडे असतात. ‘३५ ५२ ८’ याचा अर्थ ३५ मिमी शाफ्ट, ५२ मिमीचे घर आणि ८ मिमी जाडी. ‘टीसी’ म्हणजे बाहेरून रबर चढवलेले, स्प्रिंगची मुख्य ओठळी आणि धूळ अडवणारी दुसरी ओठळी असलेले सील. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची असते. नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत चांगले काम देते. त्याहून जास्त तापणाऱ्या जागी व्हायटॉन लागते. नवे सील बसवूनही गळती थांबत नसेल तर शाफ्टवर नख फिरवून पाहावे. जुन्या ओठळीने तिथे बारीक खाच पाडलेली असते आणि नव्या सीलची ओठळी त्याच खाचेवर बसते. घरात जागा असल्यास सील एक-दोन मिमी आत-बाहेर बसवून ओठळीला शाफ्टचा कोरा भाग देता येतो. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवतात.

फॅन बेल्टचे मापही त्याच्यावरच असते. ‘ए’ छेदाचा बेल्ट वर १३ मिमी रुंद व ८ मिमी जाड, तर ‘बी’ छेदाचा १७ मिमी रुंद व ११ मिमी जाड असतो. पुढचा आकडा आतली लांबी इंचांत सांगतो, म्हणजे ए-३६ हा ३६ इंची बेल्ट. ओ-रिंगबाबत जास्त जपावे लागते. जपानी मापपद्धतीतली पी-१० रिंग आतून ९.८ मिमी आणि १.९ मिमी जाड असते. पी-१०ए आतून तेवढीच, पण २.४ मिमी जाड असते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण हायड्रॉलिकच्या दाबाखाली चुकीची रिंग खाचेतून निसटते किंवा कापली जाते. मिश्र मापांच्या डब्यातून ‘जवळपासची’ रिंग उचलण्याऐवजी आतले माप आणि जाडी दोन्ही मोजून घेणे स्वस्त पडते.

फिल्टर निवडताना आटे जुळले की काम झाले असे समजणे धोक्याचे आहे. ऑईल फिल्टरच्या रबरी कड्याचा व्यास, आतल्या बायपास झडपेचा दाब आणि इंजिन बंद झाल्यावर तेल मागे न सोडणारी झडप याही गोष्टी जुळायला हव्यात. शेवटची झडप नसलेला फिल्टर बसतो, गळतही नाही, मात्र रोज सकाळी सुरू करताना इंजिन काही क्षण कोरडे फिरते.

आटे आणि बोल्ट

बोल्ट तुटला की जवळच्या हार्डवेअर दुकानातून त्याच जाडीचा आणायचा, ही सवय जपानी घडणीच्या ट्रॅक्टरमध्ये महागात पडते. बाजारातल्या सर्वसाधारण १० मिमी बोल्टचा आटा १.५ मिमी पिचचा असतो. जपानी यंत्रांत त्याच जाडीला बहुधा १.२५ मिमी पिच असतो. १२ मिमीला बाजारात १.७५, तर जपानी यंत्रांत अनेकदा १.२५. चुकीच्या पिचचा बोल्ट हाताने दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की ओतीव कवचातले आटे जातात आणि पाच-दहा रुपयांच्या बोल्टपायी कवच बोअर करून आट्यांचे नवे इन्सर्ट बसवावे लागते. ब्रिटिश-अमेरिकी घडणीच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये असाच घोळ अर्ध्या इंचाच्या बोल्टमध्ये होतो : व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १२ आटे आणि त्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकी जाड्या आट्यांत इंचाला १३ आणि कोन ६०. आटे मोजण्याची पात्यांची गेज हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हत्यार आहे.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडा त्याची ताकद सांगतो. ८.८ या आकड्याचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसून तुटतो आणि त्याच्या ८० टक्के ताणावर कायमचा ताणला जातो. आकडा नसलेला साधा बोल्ट साधारण निम्म्या ताकदीचा असतो. चाके, फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड आणि स्टिअरिंग इथे मूळ आकड्याहून कमी चालत नाही. याला उलटा अपवाद म्हणजे रोटाव्हेटरच्या शाफ्टमधला शिअर बोल्ट. दगड किंवा मूळ अडकल्यावर तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावी यासाठीच तो असतो. वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी १०.९ चा बोल्ट घातला की पुढचा अडथळा पीटीओच्या, म्हणजे अवजाराला शक्ती देणाऱ्या शाफ्टच्या, गिअरवर येतो.

इंजिनचे भाग

इंजिन झिजेल आणि पुन्हा बांधले जाईल हे ते घडवतानाच गृहीत धरलेले असते. सिलिंडर बोअर करून मोठा केला की ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठे पिस्टन घालतात. क्रँक ग्राइंड केला की त्या मापाच्या, जास्त जाडीच्या बेअरिंग शेल घालतात. वर्कशॉपमध्ये क्रँक ‘दहाला’ किंवा ‘वीसला’ गेला असे म्हणतात, ते इंचाच्या हजारांशांत. दहा हजारांश म्हणजे जवळपास पाव मिलिमीटर. इथे क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. आधी बाजारात कोणत्या मापाचे पिस्टन आणि शेल खरोखर मिळतात ते पाहून, हातात घेऊन, मगच बोअरिंग आणि ग्राइंडिंग करावे. मशीनिंग आधी उरकून घेतले आणि त्या मापाचा माल मिळाला नाही तर परतीचा रस्ता उरत नाही. स्लीव्ह बदलण्याची सोय असलेल्या ब्लॉकमध्ये अडचण कमी असते, आणि नसलेल्या ब्लॉकमध्येही चांगले वर्कशॉप बोअर करून कोरडी स्लीव्ह बसवू शकते.

हेड पॅकिंग मिळत नसेल तर तांब्याच्या पत्र्यातून ते कापून घेता येते, पण त्याची जाडी मनाने ठरवता येत नाही. लहान जपानी डिझेल इंजिनांमध्ये इंधन बाजूच्या छोट्या कक्षात फवारले जात असल्यामुळे दाबाचे प्रमाण २२:१ च्या आसपास असते आणि पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत अगदी थोडी फट उरते. पॅकिंग पातळ झाले तर पिस्टन हेडला टेकू शकतो. जाड झाले तर दाब घटतो आणि थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही. म्हणून पिस्टनवर मऊ सोल्डरची तार ठेवून हेड ठरलेल्या ताणाने आवळतात, इंजिन हाताने एक फेरा फिरवतात आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजतात. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ती जुळली की पॅकिंगची जाडी बरोबर आहे.

डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याची नळी मात्र कोणत्याही लेथवर होणारी वस्तू नाही. दोहोंमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे भाग जोडीनेच घेतात आणि जोडीनेच बदलतात. नोझल निवडताना तोंडाचा प्रकार, फवाऱ्याचा कोन आणि उघडण्याचा दाब जुळवावा लागतो. हे काम चाचणी-बाक असलेल्या पंप कॅलिब्रेशनच्या दुकानातच होते. ग्लो प्लगबाबत आट्यांइतकाच व्होल्टेजचा आकडा महत्त्वाचा : जुन्या यंत्रांत ते मालिकेत जोडलेले असू शकतात किंवा मध्ये रेझिस्टर असतो. अशा ठिकाणी १२ व्होल्टचा प्लग नीट तापत नाही आणि जिथे १२ लागतात तिथे कमी व्होल्टेजचा घातला तर जळून जातो. स्टार्टर, डायनामो आणि अल्टरनेटर ही कामे गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे होतात. कार्बन ब्रश, बुश आणि वाइंडिंग यांसाठी मूळ कंपनीची गरज सहसा पडत नाही.

एकाच कुळातली यंत्रे

दुसऱ्या गटातल्या भागांसाठी ट्रॅक्टरचे नातेवाईक शोधावे लागतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन डिअरच्या नावाने विकले गेलेले ८५० आणि ९५० हे ट्रॅक्टर यानमारने जपानमध्ये बनवले होते; फोर्डचे छोटे ट्रॅक्टर शिबौराने आणि बोलेन्सचे इसेकीने. एकाच भागाला दोन कंपन्यांचे दोन नंबर आणि दोन किमती असतात ते यामुळेच. इंजिनांची व्याप्ती तर आणखी मोठी. कुबोटा, यानमार आणि मित्सुबिशी यांची छोटी डिझेल इंजिने जनरेटर, छोटे एक्स्कॅव्हेटर आणि शीतवाहनांचे कॉम्प्रेसर अशा यंत्रांतही बसवली गेली. ट्रॅक्टरच्या नावाने न मिळणारे रिंग-पिस्टन किंवा पाण्याचा पंप त्याच इंजिनाच्या जनरेटरसाठी मिळू शकतो. म्हणून चौकशी करताना ट्रॅक्टरच्या नावाबरोबर इंजिनचा प्रकार आणि सिलिंडरचा व्यास सांगावा.

मुंबईची नागदेवी स्ट्रीट बेअरिंग, सील, बेल्ट आणि हत्यारांसाठी ओळखली जाते. दिल्लीचे काश्मिरी गेट हा वाहनांच्या भागांचा देशातला एक मोठा बाजार. लुधियाना आणि राजकोट येथे ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांचे भाग बनवणारे असंख्य छोटे कारखाने आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तेल इंजिने आणि उसाच्या चरकांच्या दुरुस्तीतून वाढलेली यंत्रकामाची परंपरा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतशाळा आहेत. या सर्व ठिकाणी जुना भाग हातात घेऊन गेलेले गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो दाखवणाऱ्यापेक्षा लवकर मोकळे होते.

भंगारातला भाग घेताना बाहेरचा रंग पाहण्यात अर्थ नसतो. गिअरच्या दातांची टोके, स्प्लाइनच्या कडा, बेअरिंग बसणाऱ्या जागेची चकाकी आणि ओतकामातले केसाएवढे तडे तपासावेत. तडा शोधण्याची जुनी रीत अशी : भाग डिझेलने भिजवून कोरडा पुसायचा आणि खडूची पूड चोळायची, तडा असेल तिथे काही वेळाने ओली रेघ उमटते. क्राउन व्हील आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. वेगवेगळ्या ट्रॅक्टरमधले दोन एकत्र केले तर ते आवाज करतात आणि लवकर खराब होतात, म्हणून ही जोडी पूर्णच घ्यावी.

चारचाकी चालनाच्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये टायरही याच हिशेबात येतात. चालन जोडलेले असताना पुढच्या चाकांचा परिघावरचा वेग मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त ठेवलेला असतो. बाजारात मिळाला म्हणून वेगळ्या मापाचा टायर फक्त मागे किंवा फक्त पुढे घातला की हे प्रमाण बिघडते, आणि कठीण रस्त्यावर पुढच्या धुऱ्याचे गिअर विनाकारण ताणले जातात.

बुश आणि पिन बनवताना

जो भाग कुठेच मिळत नाही तो बनवण्याचा विचार शेवटी येतो. बनवण्यात सोपा आणि वारंवार लागणारा भाग म्हणजे बुश. पुढच्या धुऱ्याच्या मधल्या पिनचे उदाहरण घेतले तर कामाची रीत कळते. मूळ पिन ३० मिमी जाडीची, पण भार सतत एकाच अंगाला असल्यामुळे तिथे झिजून २९.६ मिमी झालेली. धुरा हलवून पाहिला की कटकट आवाज येतो आणि पुढची चाके डुलतात. मिस्त्री पिन लेथवर लावून ती सगळीकडून सारखी होईपर्यंत, समजा २९.५० मिमीपर्यंत, उतरवतो. मूळ पिनवर कठीण थर असेल तर तो या उतरवण्यात जातो. अशा वेळी ईएन८ किंवा ईएन१९ पोलादाची नवी पिन करून तिला पृष्ठभागावर कडक करून घेणे बरे.

बुश गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचे करतात. धुऱ्यातले घर ३६.०० मिमी असेल तर बुशचा बाहेरचा व्यास ३६.०४ च्या आसपास ठेवतात, म्हणजे ते प्रेसने दाबूनच बसते. दाबल्यावर आतले भोक जवळजवळ तेवढेच आकसते. म्हणून आतले माप आधीच अंतिम करून ठेवायचे नसते. बुश बसवल्यावर रीमर फिरवून ते पिनपेक्षा ०.०५ ते ०.०८ मिमी मोठे करतात. ग्रीसची खाच बुशच्या टोकापर्यंत न नेता अलीकडेच थांबवतात, नाहीतर पंपाने भरलेले ग्रीस सरळ बाहेर पडते. घर स्वतःच लांबट झाले असेल तर नवे बुशही तिरके बसते. अशा वेळी दोन्ही बाजूंची घरे एकाच मांडणीत, एका रेषेत बोअर करावी लागतात. फक्त बुश बदलल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा ढिले होण्याचे नेहमीचे कारण हेच.

गिअर आणि शाफ्ट

सरळ दातांच्या गिअरचे मूळ माप मॉड्यूल. बाहेरचा व्यास भागिले दातांची संख्या अधिक दोन, असा त्याचा हिशेब. २४ दात आणि ७८ मिमी व्यास असेल तर ७८ भागिले २६, म्हणजे मॉड्यूल ३. उत्तर २.९ किंवा ३.१ असे आले तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे दात वरून झिजले आहेत. दुसरी म्हणजे गिअर सरकवलेल्या दातांचा आहे. गिअरबॉक्सच्या ठरलेल्या जागेत हवे ते प्रमाण बसवण्यासाठी उत्पादक असे करतात. खात्रीसाठी दोन शाफ्टच्या केंद्रांमधले अंतर मोजतात. मॉड्यूल ३, आणि २४ व ३६ दात असतील तर ते ९० मिमी असायला हवे. प्रत्यक्षात ९१ भरले तर साधे सूत्र सोडून कटिंग करणाऱ्याला जोडीचे दोन्ही गिअर, केंद्रांतर आणि काही दातांवरचे एकत्र माप द्यावे लागते. दातांचा दाबकोन २० अंश की जुन्या पद्धतीचा साडेचौदा, तेही पाहावे लागते.

आकार जुळला तरी धातू चुकला तर गिअर टिकत नाही. गिअरबॉक्सचा गिअर वरून कडक आणि आतून चिवट हवा. त्यासाठी २०एमएनसीआर५ किंवा ईएन३५३ सारख्या पोलादात दात कापून, भट्टीत कार्बन मुरवून, ०.८ ते १ मिमी खोलीचा थर ५८ ते ६२ रॉकवेलपर्यंत कडक करतात. या उष्णतेत गिअर किंचित वाकतो, म्हणून आतले भोक त्यानंतर ग्राइंड करतात. ईएन८चा नुसता कापलेला गिअर दिसायला सारखा असतो, स्वस्त पडतो आणि पीटीओच्या ताणाखाली काही महिन्यांत त्याचे दात चपटे होतात. जुन्या भागाचा कठीणपणा जोखण्याची साधी खूण म्हणजे नवी कानस : कडक पृष्ठभागावर ती काचेवरून गेल्यासारखी घसरते, मऊ पोलादाला चावते.

शाफ्टची बेअरिंग बसणारी जागा झिजली असेल तर पूर्ण शाफ्ट बदलण्याची गरज नसते. ती जागा भरून किंवा धातूचा फवारा मारून ग्राइंड करता येते. वेल्डिंगने भरताना उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि कडक पोलादाला तडा जाऊ शकतो, म्हणून जास्त ताणाच्या शाफ्टवर ते टाळतात. पीटीओचा सहा स्प्लाइनचा, १ पूर्णांक ३/८ इंची शाफ्ट हा प्रमाणित आकार असल्यामुळे त्याचे बाहेरचे टोक आणि कपलिंग सहज मिळते. तीन-बिंदू जोडणीच्या पिनाही ठरलेल्या मापांच्या असतात, पहिल्या श्रेणीत वरची १९ मिमी आणि खालच्या २२ मिमी.

ओतकाम आणि छापील भाग

फुटलेले कवच, मॅनिफोल्ड किंवा पुली नव्याने ओतून घेता येते. मात्र जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबला तर नवा लहान निघतो. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. २०० मिमी लांबीच्या भागात दोन मिलिमीटर कमी पडतात. शिवाय जिथे मशीनिंग करायचे तिथे दोन-तीन मिलिमीटर जादा धातू हवा. म्हणून जुन्या भागावर बॉडी पुट्टी किंवा लाकडी पट्ट्या चढवून तो फुगवतात, किंवा लाकडाचा वेगळा साचा करतात. आता हा साचा संगणकावर आकसण्याचे प्रमाण धरून काढता येतो आणि त्रिमितीय छपाईने बनवता येतो. थेट वापरण्यासाठी छापलेले प्लॅस्टिक मुठी, झाकणे, डॅशबोर्डचे तुकडे यांपुरते ठीक. स्वस्तातले पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ होते, त्यामुळे ते बॉनेटखाली टिकत नाही.

तडा गेलेले ओतीव लोखंड साध्या वेल्डिंग रॉडने जोडले की शेजारी नवा तडा जातो. निकेलच्या रॉडने, छोट्या-छोट्या टाक्यांत, प्रत्येक टाका हलक्या हातोडीने ठोकून आणि काम झाल्यावर भाग कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू थंड केला तर सांधा टिकण्याची शक्यता वाढते. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोके पाडली म्हणजे तो पुढे सरकत नाही.

जे बनवू नये

काही भाग स्थानिक कारागिरीवर सोडणे योग्य नाही. स्टिअरिंगचा आर्म, टाय-रॉडची टोके, पुढच्या चाकाचा स्टब, ब्रेकची जोडणी आणि चाकांचे स्टड हे भाग घडीव पोलादाचे असतात. घडवताना धातूचे कण भागाच्या आकाराला धरून वळतात. कांबीतून कापलेल्या किंवा वेल्डिंगने जोडलेल्या नकलेत तसे होत नाही. ती वाकण्याची पूर्वसूचना न देता तुटू शकते, आणि उतारावर भरलेली ट्रॉली मागे असताना त्याची किंमत यंत्रापुरती राहत नाही. असे भाग मूळ, नामांकित उत्पादकाचे किंवा तपासून घेतलेले वापरलेलेच असावेत. पीटीओच्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरणही याच यादीत येते. ते फुटल्यावर तसेच चालवले जाते आणि फिरत्या शाफ्टमध्ये कपडा अडकून अपघात होतात.

बसवणे आणि नोंद ठेवणे

नवा भाग बसवण्यापूर्वी जुना का गेला ते शोधले नाही तर नवाही त्याच वाटेने जातो. गिअरबॉक्सचे बेअरिंग तेलात पाणी शिरल्याने गंजून गेले असेल तर दोष सीलमध्ये किंवा हवा येण्याच्या नळीत असतो. एकाच अंगाने घासलेले बेअरिंग वाकलेला शाफ्ट किंवा तिरके घर सुचवते. हायड्रॉलिक पंपाचे दात खरवडले असतील तर आधी गाळणी आणि टाकी साफ करावी. हायड्रॉलिक पंप प्रमाणित मापाचा घालायचा असेल तर फिरण्याची दिशा, फ्लँज, शाफ्टचे टोक आणि एका फेऱ्यात देणारे तेल जुळवावे : ८ घनसेंटिमीटरचा पंप २००० फेऱ्यांना मिनिटाला १६ लिटर तेल देतो. तेवढे तेल जुन्या झडपेला आणि नळ्यांना पेलले पाहिजे.

बसवल्यावर हाताने पूर्ण फेरा फिरवून अडथळा नाही ना ते पाहणे, पहिला तासभर हलक्या भाराने चालवणे आणि त्यानंतर बोल्ट पुन्हा तपासणे, एवढ्याने बऱ्याच चुका वेळेत सापडतात. गिअर किंवा बुश बदलल्यावर थोड्या तासांनी तेल बदलावे, कारण सुरुवातीचा धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो.

प्रत्येक दुरुस्तीनंतर वहीत कंपनीचा पार्ट नंबर, त्याच्या जागी बसलेल्या बेअरिंगचा किंवा सीलचा क्रमांक, बनवून घेतलेल्या भागाचे मापांसह रेखाटन, धातूचे नाव आणि बनवणाऱ्याचे दुकान लिहून ठेवावे. बंद झालेल्या मॉडेलसाठी अशी वही हळूहळू कंपनीच्या कॅटलॉगपेक्षा उपयोगी ठरते. कॅटलॉगमध्ये आता न मिळणाऱ्या भागांचे नंबर असतात आणि वहीत त्यांच्या जागी प्रत्यक्ष बसलेल्या भागांचे. बदललेला जुना भागही लगेच भंगारात देऊ नये. पुढच्या वेळी माप घ्यायला तोच लागतो.